आवाजाला भोकं पडली तेव्हा

रेडिओ केंद्रात त्याला सगळे कानसेन म्हणायचे. चौतीस वर्षं त्याने तिथे ध्वनिमुद्रण केलं. निवेदकाने गिळलेला 'ह' असो की अर्धवट सोडलेला श्वास, काचेपलीकडे बसलेल्या या माणसाच्या कानातून तो कधी निसटला नाही. "परत घ्या," एवढंच तो म्हणायचा, आणि भले भले मुकाट्याने परत घ्यायचे. एकदा एक गायक चिडला. "कुठे चुकलं ते तरी सांगा!" कानसेन म्हणाला, "तुमचं नाही चुकलं. खुर्चीचं चुकलं. डावा पाय कुरकुरला." खुर्ची उलटी करून बघितली, तर डाव्या पायाचा स्क्रू ढिला.

असा माणूस निवृत्त होऊन दिवसभर घरात बसला की घरच्यांची काय गत होते ते सांगायला नको. फ्रिज गुणगुणतो, नळ सुस्कारे टाकतो, बायको चमचा कपावर आपटते. शेवटी तोडगा बायकोनेच काढला. अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारं एक ग्रंथालय होतं आणि त्यांना घरबसल्या पुस्तकं ध्वनिमुद्रित करून देणारी माणसं हवी होती. "जा, तिथे काय ऐकायचं ते ऐका," बायको म्हणाली, "आणि माझ्या चमच्यांना सोडा एकदाचं."

मग मागच्या खोलीचा स्टुडिओ झाला. भिंतींना जुन्या गाद्या उभ्या केल्या, खिडकीवर दुहेरी रजई ठोकली, दाराच्या फटीला स्वेटरची गुंडाळी लावली. कपड्यांचं कपाट सताड उघडं ठेवलं, कारण कपडे आवाज पितात. मधोमध एक टेबल, टेबलावर मायक्रोफोन आणि मायक्रोफोनसमोर ताई.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. सत्तर वर्षांची, दोन गल्ल्या सोडून एकटी राहणारी, चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली. वाचायला लागली की कागदावरचा स्वल्पविराम ऐकणाऱ्याला दिसायचा. तिचा आवाज तापवलेल्या दुधासारखा होता, आणि जीभ मात्र लहानपणापासून सुरीसारखी. तीन वर्षांत भावंडांनी मिळून अकरा पुस्तकं पुरी केली होती. आता बारावं चालू होतं. एका इंजिनियरने खाडीवर पूल कसा बांधला त्याची सातशे पानांची कादंबरी.

त्यातच जुना कॉम्प्युटर थकला. त्याचा पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा आणि ती धाप ताईच्या वाचनात उतरायची. परगावी नर्सचं काम करणाऱ्या लेकीने नवाकोरा कॉम्प्युटर पाठवला आणि रविवारी स्वतः येऊन तो मांडूनही दिला. "बाबा, याला पंखाच नाही," ती म्हणाली. "चालू आहे की बंद, तुम्हालासुद्धा कळणार नाही." कानसेनने कान लावला, खरंच काही ऐकू येईना. इतका हरखला की जाताना लेकीला दोनदा आशीर्वाद दिला.

मायक्रोफोनचा आवाज आधी एका छोट्या डबीत जायचा, डबीतून कॉम्प्युटरमध्ये आणि तिथून उलट फिरून कानसेनच्या हेडफोनमध्ये. ताई बोलते ते तो असं वळसा घेऊन आलेलंच ऐकायचा. सोमवारी सकाळी दोघं कामाला बसली. दोन-तीन मिनिटं सुरळीत गेली आणि मग ताईच्या आवाजाला एक भोक पडलं.

भोक म्हणजे काय, पापणी लवावी तेवढंच. शब्द चालू असताना मध्येच काही नाही आणि लगेच पुन्हा शब्द. कानसेनने हात वर केला. "ताई, परत घे. 'नाही' ऐकू आलं नाही."

"मी 'नाही' म्हटलं."

"मला नाही ऐकू आलं."

"हे बघ बाळ," ताई चष्मा काढत म्हणाली, "इंजिनियर म्हणतो, मी हा पूल सोडून जाणार नाही. त्यातलं 'नाही' मी कशाला खाईन? जन्मभर मी सगळ्यांना ठणकावून 'नाही'च म्हणत आले."

पण तिने परत घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा भोक. मग पुन्हा. कधी अख्खं पान काही नाही, कधी एकाच पानावर दोनदा. दुपारपर्यंत कानसेनने अकरा पानं दुसऱ्यांदा वाचायला लावली आणि ताईचं तोंड फुगलं. जाताना तिने पुस्तक धाडकन मिटलं, तेही त्याच्या कानात वाजलं.

तिच्या पाठीमागे तो तपासायला बसला. पहिला संशय अर्थातच यंत्रावर. त्याने डबीची वायर बदलली, हेडफोन बदलले. मग मुद्रण झालेल्या आवाजाचा आलेख पडद्यावर आणला. आवाज जिथे तुटतो तिथे आलेखाची रेघ तुटलेली दिसते, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. त्याने इंजिनियरचं वाक्य काढलं. 'नाही' जागच्या जागी होतं. अखंड, ठसठशीत, ताईच्या ठणक्यासकट. त्याने वाजवून बघितलं, स्वच्छ ऐकू आलं.

तो चक्रावला. बाकीची भोकं शोधली, तर एकही भोक जागेवर नाही. पण ऐकता ऐकता भलत्याच ठिकाणी नवीन भोक पडलं. तो मागे गेला, तीच ओळ पुन्हा लावली, तर ओळ धडधाकट. त्याने बायकोला बोलावलं, हेडफोन तिच्या कानावर चढवले आणि तेवढं एक वाक्य ऐकवलं.

"काही तुटलं का मध्ये?"

"नाही बाई. छान वाचतात की वन्सं."

"नीट ऐक." त्याने दुसरं एक वाक्य लावलं.

"अहो, एकदम छान आहे. तुम्हाला काय ऐकू येतंय?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि हेडफोन काढून घेऊन यंत्र बंद केलं.

त्याचा सगळा जन्म टेपवर गेला होता, आणि टेपचा न्याय त्याच्या अंगात मुरला होता. टेपला भोक असलं तर ते तिथेच राहतं, दहा वेळा वाजवा, दहा वेळा तिथेच येणार. हे भोक जागा बदलत होतं. दुसरा ऐकायला बसला की लपत होतं, मुद्रणात दिसत नव्हतं. मग ते होतं कुठे? वायर बदलली, हेडफोन बदलले, मुद्रण स्वच्छ म्हणजे कॉम्प्युटरही निर्दोष, मग वस्तू एकच उरली होती, आणि ती त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना होती.

केंद्रात त्याच्याआधी एक ध्वनिमुद्रक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. निवृत्तीच्या आदल्या वर्षी ते कार्यक्रम परत परत वाजवायचे आणि विचारायचे, "इथे काही राहिलं का रे?" कुणी काही बोललं नाही. हळूच त्यांना कॅसेटच्या कपाटाचं काम दिलं गेलं. त्या वेळी कानसेनही काही बोलला नव्हता.

एकदा मनात पाल चुकचुकली की सगळीकडे पाली दिसतात. बायकोने स्वयंपाकघरातून काही विचारलं आणि त्याला अर्धंच ऐकू आलं. दुकानदार पुटपुटला, ते कळलंच नाही. रस्त्यात मागून सायकल आली, ती अगदी जवळ येईपर्यंत समजली नाही. या गोष्टी आधीही होत असतील, पण आधी कोण मोजत होतं? लेकीचा फोन आला. "काय बाबा, कसा चाललाय कॉम्प्युटर?" "एक नंबर!" तो म्हणाला, आणि फोन दुसऱ्या कानाला लावून बघितला, तिथे जास्त ऐकू येतं का म्हणून. मंगळवारी त्याने गुपचूप कानाच्या डॉक्टरांकडची गुरुवारची अकराची वेळ घेतली आणि ताईला फोन केला. "थोडे दिवस थांबू या. मला जरा दुसरी कामं आहेत."

"बरं," ताई म्हणाली. एवढंच. ताई कधी नुसतं 'बरं' म्हणत नसे, पण आपल्याच विचारात असल्यामुळे ते त्याच्या लक्षात आलं नाही.

बुधवारी सकाळी नऊलाच ती दारात. खांद्याला पिशवी, पिशवीत ते जाडजूड पुस्तक. चपला काढल्या, पण बसली नाही. सरळ मागच्या खोलीत गेली आणि पुस्तक टेबलावर ठेवलं.

"हे घे. ग्रंथालयाला सांग, दुसरी कुणी बघा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मला काय कळत नाही होय? अकरा पानं परत घेतलीस. आधी तीन वर्षांत अकरा ओळीसुद्धा घेतल्या नव्हत्यास. सत्तरीला आवाज फाटतो, शब्दांची शेपटं गळतात, मलाच घरी वाचताना जाणवतं. पण तू सरळ तोंडावर सांगायचं, बाळ. 'दुसरी कामं आहेत' कसलं सांगतोस? मी वर्गात पन्नास पोरांच्या थापा ऐकल्यात."

कानसेनने बघितलं, तर ती रिकाम्या पिशवीची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. आयुष्यात कुणापुढे हार न मानलेली ही बाई दोन दिवस घरी एकटी बसून मनाशी हे सगळं घोळत होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"तुझा आवाज कुठे गेलाय, ताई," तो म्हणाला. "माझे कान गेलेत."

"काय?"

"तुझं 'नाही' मुद्रणात आहे. सगळंच आहे. तू एक अक्षर खाल्लेलं नाहीस. मलाच मध्ये मध्ये ऐकू येत नाहीये. उद्या डॉक्टरकडे जातोय, घरात कुणाला सांगितलेलं नाही."

ताई खुर्चीत बसली. मग ताईने डोळे पुसले, चष्मा लावला आणि एकदम मास्तरीण झाली.

"पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

त्याने सांगितलं. वायर, हेडफोन, आलेख, बायको, जागा बदलणारं भोक. ताई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "वर्गात एखादं पोर म्हणालं, बाई, फळ्यावरचं दिसत नाही, तर लगेच त्याला चष्मा लावायचा नाही. आधी शेजारच्याला विचारायचं."

"विचारलं की. हिला ऐकवलं."

"तिला किती ऐकवलंस? दोन वाक्यं? आणि तेही तू ऐकलंस त्या वेळी नाही, नंतर. मला असा साक्षीदार हवा जो तू ऐकतोस तेच, तेव्हाच ऐकेल, आणि ज्याला कान नाहीत. कान नाहीत म्हणजे म्हातारपणही नाही."

"टेप," तो म्हणाला. "अगं ताई, टेप!"

माळ्यावर त्याचा जुना कॅसेट रेकॉर्डर पडला होता. ताईने स्टूल धरलं, तो वर चढला, धुळीने दोघं शिंकली. रेकॉर्डर पहिल्यांदा नुसता घुरघुरला, मग चाकं फिरायला लागली. एका कॅसेटमध्ये कुणाचं तरी लांबलचक उद्घाटनाचं भाषण होतं, ते पुसायला कुणाची हरकत नव्हती. हेडफोनकडे जाणारा आवाज त्याने दोन वाटांनी फोडला, एक वाट आपल्या कानात, दुसरी रेकॉर्डरमध्ये.

ताईने परीक्षेचे नियम घातले. "तू ऐकायचं. भोक पडलं की तिथला शब्द मोठ्याने बोलायचा. मला काही ऐकू येणार नाही, मी फक्त पुस्तकात त्या शब्दाला गोल करीन, पेन्सिलने. पुस्तक ग्रंथालयाचं आहे."

त्याने मुद्रण लावलं आणि डोळे मिटले. "खांब," तो म्हणाला. ताईने गोल केला. मग "मजुरांनी." मग "उधाण." कपाळावर घाम आला होता, गाद्यांमुळे की भीतीमुळे कोण जाणे. पंधरा मिनिटांत पुस्तकात नऊ गोल झाले.

"आता कॅसेट दे," ताई म्हणाली. "आणि तू बाहेर जा."

"अगं, मी बसतो ना इथे."

"परीक्षार्थी तपासनिसाच्या शेजारी बसत नाही. जा."

ती रेकॉर्डर घेऊन बाहेरच्या खोलीत बसली आणि तो स्वयंपाकघरात गेला. बायको भाजी चिरत होती. तिने त्याचा चेहरा बघितला आणि सुरी खाली ठेवली. "काय झालंय? सोमवारपासून बघतेय, तुम्ही चमच्यांना सुद्धा काही बोलला नाही." मग त्याला सांगावंच लागलं. बायको हसली नाही, रागावलीही नाही. ओल्या हाताने तिने फक्त त्याचं मनगट धरून ठेवलं. बाहेरून ताईचाच आवाज येत होता, रेकॉर्डरच्या छोट्याशा स्पीकरमधून, लहान मुलीसारखा. पुढचा अर्धा तास सरता सरेना.

"बाळ!" खऱ्या ताईची हाक आली. "इकडे ये. तुम्ही दोघंही या."

ताई पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. "हे बघ. 'खांब', यातला नुसता 'ब' ऐकू आला. 'मजुरांनी', मधला 'रां' गायब. 'उधाण'मधला 'धा' गिळलाय. तुझे नऊच्या नऊ गोल टेपवर आहेत, जिथल्या तिथे. मी दोनदा वाजवून बघितलं, हलत नाहीत."

कानसेन एकेका गोलावर बोट टेकवून बघू लागला.

"अरे, तुझे कान शाबूत आहेत, बाळ! भोकं यंत्रात आहेत. तुझ्या कानात पडलेलं भोक या खोक्याला कसं ऐकू आलं असतं?" आणि मग तिला राहवलं नाही. "शिवाय टेपवर दहा आहेत. एक तुला ऐकूच आलं नाही. म्हणे कानसेन!"

तो हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तीन दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणी तरी उचलून बाजूला केला होता. बायको म्हणाली, "बसा आधी," तेव्हा आपण मघापासून भिंतीला टेकून उभे आहोत हे त्याला कळलं.

पण बसवेल तर तो कानसेन कसला! आता चोर आपल्या कानात नाही हे कळल्यावर त्याला अंगात बळ आलं. रेकॉर्डरवर आकडे दाखवणारी चकती होती. प्रत्येक भोकाशी टेप थांबवून त्याने आकडे लिहून काढले, घड्याळाशी ताडून बघितले आणि टेबलावर थाप मारली. "मिनिटाला एक! बरोब्बर मिनिटाला एक. जे भोक शब्दावर पडलं ते ऐकू आलं, दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत पडलं ते कळलंच नाही. म्हणून वाटत होतं की कधीही पडतं. हिला मी पाच-पाच सेकंदांची वाक्यं ऐकवली, तेवढ्यात कुठून सापडणार?"

"कान काही घड्याळ लावून बंद पडत नाहीत," ताई म्हणाली.

मग तिघंही मागच्या खोलीत जमली. कानसेनने कॉम्प्युटरवर एक सलग सूर लावला, एकसारखी बारीक शिट्टी, म्हणजे भोक कुठेही पडलं तरी लपणार नाही. हेडफोन एकच, ऐकणारे तीन. बायकोने स्वयंपाकघरातून स्टीलचं मोठं पातेलं आणलं आणि हेडफोन त्यात ठेवले. पातेलं शिट्टी वाजवायला लागलं. ताईच्या हातात घड्याळ. तिघं पातेल्याभोवती वाकून बसली. मिनिट झालं आणि शिट्टीला उचकी लागली.

"ऐकली मी!" बायको ओरडली. "अहो, चक्क तुटली!"

केंद्रातला त्याचा एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाही तर रोग बरा झाला तरी औषध कळत नाही. त्याने डबी दुसऱ्या खाचेत लावली. मिनिटाने उचकी. प्रिंटर काढून टाकला. उचकी. मागे आपोआप चालणारे प्रोग्रॅम एकेक करून बंद केले. उचकी. मग त्याने आवाजाचा साठा वाढवला. कॉम्प्युटर आवाज थेट देत नाही, टाकीत पाणी भरावं तसा आधी थोडा साठवतो आणि तिथून सोडतो, आणि टाकी आटली की नळ कोरडा. टाकी मोठी केल्यावर उचकी जरा लहान झाली, पण गेली नाही.

"टाकी आटते कशाने तेच कळत नाहीये," तो म्हणाला. "मिनिटाला एकदा याचं लक्ष दुसरीकडेच जातं. कुठे जातं?"

वाट बघण्यात दोन वेळा चहा झाला. बायको फोनवर बहिणीला काही तरी पाठवायला गेली आणि वैतागली. "या खोलीत मेलं काही जाईल तर शपथ. गाद्या लावल्यापासून इथे फोनला वायफाय मिळतच नाही. नुसता शोधत बसतो, शोधत बसतो आणि बॅटरी संपवतो."

कानसेनचा हात कळफलकावर थांबला.

"काय म्हणालीस?"

"बॅटरी संपते म्हणाले."

"त्याच्या आधी."

"शोधत बसतो."

लेकीने रविवारी जाताना कॉम्प्युटर वायफायला जोडून दिला होता. वायफायचं खोकं होतं पुढच्या खोलीत, मध्ये दोन भिंती, गाद्या, रजया. सिग्नल कसाबसा पोचायचा. बिचारा कॉम्प्युटर दर मिनिटाला हातातलं काम टाकून मान वर काढायचा आणि बघायचा, आसपास याहून बरं कुणी आहे का. तेवढ्यात हेडफोनकडे जाणारी टाकी आटायची; मुद्रण आत घेणारी टाकी वेगळी, ती शाबूत राहायची. त्याने वायफाय बंद केलं. एवढंसं एक बटण.

ताईने घड्याळ धरलं. मिनिट झालं, शिट्टी चालू. दुसरं झालं, चालू. पाचव्या मिनिटाला बायको म्हणाली, "आता ती शिट्टी बंद कराल का? डोकं उठलंय," पण तीही जागची हलली नाही. दहा मिनिटं पातेलं अखंड वाजलं. मग खात्रीसाठी त्याने वायफाय परत चालू केलं, आणि मिनिटाच्या आत उचकी आली. बंद केलं, गेली. कानसेनने खुर्चीत मागे रेलून असा काही सुस्कारा सोडला की ताई म्हणाली, "हा मुद्रणात आला असता तर तूच परत घ्यायला लावलं असतंस."

दुपारी लेकीला फोन झाला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आधी रागावली. "तीन दिवस बाबा? तीन दिवस एकटे कुढत बसलात? आणि मला म्हणे एक नंबर! मी रोज पेशंटना सांगते, दुखलं की बोला, आणि आमच्याच घरी हे."

"तुझ्या भेटीला नाव कसं ठेवणार?"

"भेटीला नाही, वायफायला नाव ठेवायचं होतं." मग तिने कंपनीच्या साइटवर शोधून सांगितलं की वायफाय चालवणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आहे, पुढच्या खेपेला ती घालून देईल. तोवर मुद्रणाच्या वेळी वायफाय बंदच. ते सगळं झाल्यावर ती म्हणाली, "आणि उद्याची डॉक्टरांची वेळ रद्द करू नका हं. घेतलीच आहे तर जा."

तो जाणार नव्हता. पण ताई गुरुवारी साडेदहाला तयार होऊन दारात उभी राहिली, मग काय करतो?

दवाखान्याच्या आतल्या खोलीत काचेची एक छोटी पेटी होती, अगदी त्याच्या जुन्या स्टुडिओसारखी, फक्त या वेळी तो काचेच्या उलट्या बाजूला बसला होता. हेडफोनमध्ये बारीक बारीक सूर येत होते आणि ऐकू आला की बटण दाबायचं होतं. काल पातेल्याने निकाल दिला होता तरी मनाच्या तळाशी थोडी भीती उरलीच होती. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला.

"उजवा उत्तम. डाव्या कानाला अगदी वरचे सूर थोडे कमी येतात. पण तुमच्या वयाला हे चालायचंच. वर्षभराने पुन्हा दाखवा, आणि हेडफोनचा आवाज जरा कमी ठेवत जा. काम काय करता?"

"ऐकतो," तो म्हणाला.

"मग ऐकत राहा की. काही अडचण नाही."

वरचे थोडे सूर गेले होते, हे खरं. ते ऐकून त्याला चुटपुट लागली, नाही असं नाही. पण थोडे गेले आणि सगळे गेले यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि तो तीन दिवस त्या दुसऱ्या टोकाला उभा राहून आला होता. कागद घडी घालून त्याने खिशात ठेवला.

तेवढ्यात ताई पुढे सरकली. "डॉक्टर, आलेच आहे तर माझेही बघता का?"

डॉक्टरीणबाईंनी बघितले. सत्तर वर्षांच्या बाईचे दोन्ही कान असे निघाले की त्यांनी एक सूर पुन्हा लावून खात्री करून घेतली. "आजी, तुम्हाला तर यांच्यापेक्षा चांगलं ऐकू येतं!"

झालं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत ताईने ते वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. रस्ता ओलांडताना तिसऱ्यांदा. कोपऱ्यावरच्या दुकानाशी ती थांबली आणि हळूच काही तरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?" कानसेनने विचारलं.

"काही नाही. बघत होते." आणि ती अशी खळखळून हसली की रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. तोही हसत सुटला. भर दुपारी, हातात पिशव्या घेऊन, दोन म्हातारी भावंडं दुकानाच्या सावलीत हसत उभी राहिली.

"चल," ताई शेवटी डोळे टिपत म्हणाली, "पूल अर्धा राहिलाय. जेवण झालं की बसू."